नाना आणि तिकडची माणसं

खोली भाड्याने देण्याआधी घरमालक पगार विचारतात, लग्न झालंय का विचारतात, घरात मासे शिजवणार का विचारतात. नानांनी मला फक्त गाव विचारलं.

"खांब," मी म्हणालो.

"म्हणजे कोलाडच्या अलीकडलं?"

"हो."

"म्हणजे तालुका..."

"रोहा."

नानांनी झटकन हात वर केला. तिन्हीसांजेला कुणी सापाचं नाव काढलं की घरातली म्हातारी माणसं करतात, अगदी तसा. मग ते ओटीवरून उठले, आत जाऊन काकींशी काहीतरी कुजबुजले, बाहेर आले आणि म्हणाले, "हायवेवरचं गाव हाय ना? मग चालंल. हायवे काय कुणा एकाचा नसतो."

अशी मला पेणच्या रामवाडीत खोली मिळाली. नव्वदीची पहिली काही वर्षं होती ती. मी पाटबंधारे खात्यात नवा कारकून होतो आणि कबड्डीतलं मला इतकंच कळत होतं की दम सुटला की माणूस बाद होतो. त्या घरात राहायला तेवढं ज्ञान पुरेसं नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात समजलं.

नाना मिठागरावर मुकादम होते. मूळ गाव वडखळच्या पुढे, खाडीला लागून. एका वर्षी बांध फुटून उधाणाचं पाणी घरात शिरलं, तेव्हापासून त्यांनी गावात झोपायचं सोडलं आणि रामवाडीत दोन खोल्या, एक ओटी आणि माझी भाड्याची खोली एवढं बांधलं. पण जीव सगळा गावातच. गावाच्या कबड्डी मंडळाचे ते कोण होते, हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. अध्यक्ष दुसरेच होते, कप्तान वेगळा होता. नाना फक्त घाबरायचं काम करायचे, आणि ते काम त्यांच्यासारखं कुणालाच जमत नसे.

विजेला ते घाबरत. ढग दिसले की मेन स्विच बंद. गॅसचा सिलिंडर त्यांनी परसात ठेवलेला, आणि काकींनी शेगडी पेटवली की ते स्वतः ओटीवर येऊन बसत. कुठेही बसले तरी पाठ भिंतीला. पण या सगळ्या किरकोळ भीती. खरी भीती एकच. रोह्याचं नाव ते कधीच घेत नसत. 'तिकडं', 'तिकडचे', 'तिकडची माणसं' असंच. रोह्याच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका कंपनीने कबड्डीचा संघ काढला होता आणि आसपासच्या गावांतले चांगले खेळाडू ती नोकरी देऊन उचलत होती. दोन वर्षांत नानांच्या गावातले दोघे गेले. तेव्हापासून रामवाडीत पांढरी जीप दिसली की नाना दार लावून घेत.

या सगळ्याचा मोसम म्हणजे पावसाळा. पावसात मिठागर बंद, मैदान बंद. तोंडं तेवढी चालू. गावातली माणसं पेणला बाजाराला आली की नानांच्या ओटीवर टेकत आणि पुढच्या वर्षी कुणाकडून कोण खेळणार याची चर्चा सुरू होई.

"तिकडच्यांनी दोन कॉर्नरचे गडी घेतले," मंडळाचा कप्तान म्हणायचा. हा एक आडव्या अंगाचा, हसऱ्या तोंडाचा गडी होता. नानांना घाबरवणं हा त्याचा पावसाळी धंदा.

"कुठले?" नाना.

"एक अलिबागकडला. एक महाडचा."

"महाडचा? त्याचा गुडघा गेला ना?"

"कंपनीनं ऑपरेशन करून दिलं म्हणतात."

"अरे देवा!" नाना दोन्ही हात डोक्याला लावत. "ऑपरेशन करून दिलं? आपण काय देणार, निरगुडीचा पाला?"

सगळे हसत. नाना हसत नसत. ते उठून आत पाणी प्यायला जात, आणि आतून घोट घ्यायचा आवाज ओटीपर्यंत येई.

मी दर शनिवारी घरी जायचो. जाताना कधी रोह्याला मावशीकडे डोकवायचो. नानांना हे कळल्यापासून माझी रविवारची संध्याकाळ संपली. मी एसटीतून उतरून पायरीवर पाऊल ठेवतो न ठेवतो तोच प्रश्न येई, "काय बघितलंत?"

"काही नाही हो नाना. मावशीकडे जेवलो."

"रस्त्यात कोण दिसलं असंल. आठवा, आठवा."

एकदा मी आठवून सांगितलं की रोह्याच्या स्टँडवर एक खूप उंच, धिप्पाड तरुण दिसला. खरंच दिसला होता. नानांचा चेहरा उतरला. किती उंच? हात किती लांब? बसला होता की उभा? कुठल्या पायावर भार होता? दुसऱ्या दिवशी ते गावात गेले आणि सगळ्यांना सांगून आले की तिकडच्यांनी एक राक्षस आणलाय. ऐन पावसात मंडळाची पोरं समाजमंदिरात सराव करू लागली. एकाच्या खांद्यावर दुसऱ्याला बसवून त्याला राक्षस करायचे आणि बाकीच्यांनी त्याची पकड करायची. वरचा पडला, त्याचं मनगट मोडलं. पुढे महिन्याभराने तो उंच तरुण मला पेणच्याच दवाखान्याबाहेर भेटला. औषधं विकायला गावोगाव फिरणारा निघाला. मी नानांना सांगितलं तर ते म्हणाले, "तसं दाखवतात ते."

या माणसाला मूलबाळ नव्हतं. धाकटा भाऊ लवकर गेला, त्याचा मुलगा नानांनीच वाढवला. हा पुतण्या म्हणजे मंडळाचा सगळ्यात चांगला चढाईपटू. अंगाने सडपातळ, बोलायला कमी. मिठाच्या दिवसांत तो नानांच्या हाताखाली मिठागरावर राबायचा, पावसाळ्यात रिकामा. खाऱ्या पाण्यात उभं राहून त्याच्या टाचांना अशा भेगा पडल्या होत्या की चालताना तो पाय जपून टाकायचा. मैदानात मात्र पायाला काही होतंय असं वाटायचंच नाही.

त्या गावात एक पद्धत होती. श्रावणात एका संध्याकाळी सगळे खेळाडू देवीच्या देवळात जमायचे. गावकीच्या पंचांसमोर एक नारळ ठेवायचे आणि एकेकाने त्यावर हात ठेवून म्हणायचं, या वर्षी मी गावाकडूनच खेळेन. तो नारळ फोडत नसत. लाल कापडात बांधून तो गाभाऱ्याच्या दाराशी टांगायचे आणि मोसम संपला की मगच फोडायचे. ज्याने हात ठेवला आणि फुटून गेला, त्याचं घर वाळीत. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्या घरचं पाणी प्यायचं नाही, लग्नात-मयताला जायचं नाही. आधी गेलेले दोघे शहाणे; ते हात ठेवायच्या आधीच गेले. ही पद्धत कडक करा म्हणून पंचांच्या मागे लागणारे कोण, हे वेगळं सांगायला नको.

त्या वर्षी श्रावणातल्या त्या संध्याकाळी मी नानांबरोबर गावात गेलो होतो. देवळात समईचा उजेड, बाहेर पाऊस, ओल्या कपड्यांचा वास. एकेक पोरगा पुढे होऊन हात ठेवत होता. पुतण्याचं नाव आलं आणि तो नव्हता. मामाकडे जातो म्हणून सकाळीच गेला होता. त्याचे मामा तिकडचे.

देवळात कुजबुज सुरू झाली. म्हातारे पंच नानांकडे बघायला लागले. मी नानांच्या शेजारी होतो. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. घाबरलेला माणूस पळतो असं मला वाटायचं. नाना पुढे गेले. त्यांनी नारळावर हात ठेवला आणि म्हणाले, "त्याच्या वतीनं मी ठेवतो. तो गावाकडूनच खेळंल. फुटला तर माझं घर वाळीत टाका."

कुणी मागितलं नव्हतं हे. एकाच्या वतीने दुसऱ्याने हात ठेवायचा, असं त्या देवळात कधी झालेलं नव्हतं. पण नानांना वाटलं, आपण थांबलो तर लोकांना संशय येईल. म्हणून त्यांनी संशयाच्याही पुढची शपथ घेऊन टाकली. पंचांनी मान डोलावली आणि नारळ कापडात बांधला.

पुतण्या दुसऱ्या दिवशी दुपारी आला. मी जेवायला खोलीवर आलो होतो. भिंत पातळ, शब्द न् शब्द ऐकू आला.

"नाना, मामाकडं नव्हतो. कंपनीत गेलो होतो. त्यांनी खेळवून बघितलं. घेतायत मला."

पुढच्या दाराला कडी घातल्याचा आवाज आला.

"शिफ्ट ड्युटी हाय. सहा महिन्यांनी कायम करतील. ऱ्हायला खोली देतायत. दिवाळीच्या आधी हजर व्हायचंय. नाना? अहो नाना, बोला ना."

मग काकींचा आवाज आला. "अरे, यांनी काल तुझ्या नावानं हात ठेवला रे नारळावर."

त्यानंतर त्या घरात जे दिवस गेले, तसे मी पुन्हा कुठे काढले नाहीत. पुढचं दार दिवसाही बंद. कुणी हाक मारली की तिघंही एकमेकांकडे बघत. ओटीवर येऊन बसणाऱ्यांना नाना सांगू लागले की अंगात ताप आहे, आणि घामाने भिजलेलं त्यांचं कपाळ पाहून ते कुणालाही खरं वाटे. मला दम दिला, "तुम्ही काय ऐकलं नाय." मी कशाला सांगतोय! पण भीती लागण झाल्यासारखी मलाही लागली. ऑफिसात कुणी सहज "काय म्हणतंय तुमचं मंडळ?" असं विचारलं तरी मी घाईने फाईल उघडायचो. गणपती आले, गेले. त्या घरात आरती झाली तीही हळू आवाजात.

पुतण्या नोकरी सोडायला तयार होता. "नाय जात मी," असं तो रोज म्हणायचा. नाना रोज म्हणायचे, "नको जाऊस." आणि संध्याकाळी त्याचे पाय मांडीवर घेऊन टाचांना खोबरेल चोळत बसायचे. भेगांतून कधी रक्त यायचं. पेणकडची मिठागरं एकेक करून बंद पडत होती. नानांच्या शेठने पण या वर्षापुरतं चालवू, पुढचं पुढे बघू, असं सांगून ठेवलं होतं. नाना तेल चोळता चोळता थांबायचे, त्या टाचांकडे बघत राहायचे आणि पुन्हा चोळायला लागायचे.

भाद्रपद संपता संपता एका दुपारी गावातून माणसं आली. तिघे पंच आणि कप्तान. दार उघडावंच लागलं. नाना भिंतीला टेकून बसले, मला त्यांनी डोळ्यांनीच थांबवून घेतलं. काकींनी चहा आणला.

सगळ्यात म्हातारे पंच म्हणाले, "नाना, गावात बोलतात. पोरगा तिकडं जाऊन आला."

"मामाकडं..." नानांनी चहाची बशी पुढे सरकवली.

"कंपनीच्या मैदानावर बघितलाय त्याला. आमचं काय नाय. हात तुमचा हाय नारळावर, म्हणून विचारायला आलो. नावं द्यायची येळ आली."

तेवढ्यात आतून पुतण्या बाहेर आला. तो दारातच उभा राहून म्हणाला, "मी नाय जात. मी गावाकडूनच खेळणार. नानांनी हात ठेवला तो माझाच समजा."

ओटीवर सगळ्यांचे खांदे सैल पडले. कप्तान हसला. म्हाताऱ्या पंचांनी कप उचलला, बशीत चहा ओतला, बशी तोंडाला लावायला गेले.

"थांबा," नाना म्हणाले.

त्यांच्या धोतराचा सोगा हलत होता तो सगळ्यांना दिसत होता. त्यांनी दोन्ही हातांनी गुडघे दाबून धरले.

"तो जातोय. मी पाठवतोय. हात त्याचा नव्हता, माझा होता. जे करायचं ते माझं करा."

"नाना," कप्तान हळूच म्हणाला, "शब्द मागं घ्या. पोरगा नाय म्हणतोय ना?"

"तो माझ्यासाठी नाय म्हणतोय."

पंचांनी बशी खाली ठेवली. चहा न सांडता, अगदी सावकाश. मग ते उठले, बाकीचे दोघे उठले. कप्तान सगळ्यात शेवटी उठला. त्याने कपाकडे बघितलं, काकींकडे बघितलं आणि चपला घातल्या. ते वळणावर दिसेनासे होईपर्यंत कुणी हललं नाही.

"माझी आय गावात हाय," काकी म्हणाल्या. त्यांचं माहेर त्याच गावात, त्याच आळीत. "ती मेली तर मला बोलावतील तरी का आता?"

"मला भ्या वाटतं गो," नाना म्हणाले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. मोठ्या माणसाला इतकं रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

"मग बोललात कशाला?"

"त्याच्या टाचा बघ."

काकींनी कप उचलले. भरलेले सगळे कप त्यांनी एकेक करून मोरीत ओतले.

पुतण्या दसऱ्यानंतर गेला. त्याला जायचं नव्हतं. नानांनी त्याची पिशवी स्वतः भरली आणि एसटी सुटेपर्यंत खिडकीची दांडी धरून उभे राहिले. दुसऱ्या दिवसापासून गावाने आपला शब्द पाळला. बाजारात समोरून येणारी माणसं दुकानाच्या पाट्या वाचायला लागायची. मिठागराचं काम सुरू झालं तसे गावातले कामगार नानांच्या हाताखाली उभे राहीनात, आणि शेठने दुसरा मुकादम बघितला. काकींच्या आईला मी एक-दोनदा औषध नेऊन दिलं, कारण मी गावचा नव्हतो. म्हातारी दार अर्धं उघडून बाटली घेई आणि "गेली का गो माणसं?" असं शेजारणीला विचारून मगच माझ्याशी बोले.

नाना आणखी लहान दिसायला लागले. ओटीवर बसत, भिंतीला टेकून, आणि कुणी येत नसे. मोसम सुरू झाला. गावाचा संघ कुठे जिंकला, कुठे हरला, हे त्यांना माझ्याकडून कळायचं, मला ऑफिसातल्या शिपायाकडून. "कॉर्नरला कोण खेळला?" ते विचारत. "नवा पोरगा? तो भितो. त्याला सांगायला पाहिजे कोणीतरी." सांगणार कोण?

थंडीत वडखळला स्पर्धा लागली. उपांत्य सामना, एका बाजूला नानांचं गाव, दुसऱ्या बाजूला तिकडची कंपनी. नाना म्हणाले, "मी येणार." काकींनी हात जोडले, नका जाऊ म्हणून. मला तर धडकीच भरली. भर मैदानात कुणी अंगावर आलं तर? गावातली तरुण पोरं त्यांच्यावर दात धरून होती. पण त्यांनी टोपी घातली आणि निघाले.

मैदान खच्चून भरलं होतं. आम्ही रेषेजवळ जाऊन उभे राहिलो, आणि बघता बघता आमच्या दोन्ही बाजूंची माणसं सरकली. एवढ्या गर्दीत आमच्याभोवती मोकळी जागा झाली. नानांनी माझं मनगट धरलं होतं. त्यांची बोटं गार होती.

पुतण्या कंपनीच्या निळ्या बनियनमध्ये चढाईला आला. पायांत बूट होते. गावाकडून प्रचंड ओरडा झाला, शिव्याही होत्या. त्याने पहिल्या दोन चढायांत दोन गडी मारले. गाव मागे पडलं. नानांची बोटं माझ्या मनगटात रुतत चालली. तिसऱ्या चढाईला तो कोपऱ्यातल्या नव्या पोरासमोर आला. पोरगा भ्यायलेला दिसत होता, मागे मागे सरकत होता. आणि माझ्या शेजारून एकदम आवाज फुटला.

"भितोस काय! वळताना डावा पाय मागं ऱ्हातो त्याचा! डावा धर, डावा!"

मी वळून पाहिलं. नाना रेषेवर वाकून, शिरा ताणून, आपल्याच पुतण्याला धरायला सांगत होते. पोराने ऐकलं, झेप घेतली, डावा घोटा पकडला. बाकीचे सगळे वरून पडले. मैदानावर धुरळा उडाला, गाव नाचायला लागलं.

"लागलं काय त्याला?" नानांनी मला घाबऱ्या घाबऱ्या विचारलं. "बघा हो, उठला का? पाय हलतोय का?"

पुतण्या उठला. मातीने माखलेला. त्याने आमच्याकडे पाहिलं आणि जाता जाता मान हलवून हसला. नानांच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं.

कप्तान रेषेपाशी हात पुसत उभा होता. आमच्यापासून दोन हातांवर. दसऱ्यापासून त्या गावातलं कुणी नानांशी एक शब्द बोललं नव्हतं. त्याने मागे पाहिलं, गावकीचे पंच खुर्च्यांवर बसलेले त्याला दिसत होते. मग तो मैदानाकडे तोंड करून, ओठ फारसे न हलवता म्हणाला, "नाना, उजव्या पायाचं पण सांगा की."

नानांची पाचावर धारण बसली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. स्वतःसाठी नव्हे, वाळीतल्या माणसाशी बोलला म्हणून कप्तानावर दंड बसेल, त्याचंही घर वाळीत पडेल, या धास्तीने ते त्याला गप्प बस म्हणून हाताने खुणावत होते. पण कप्तान हलेना. गावाचा चढाईवाला निघाला होता.

नाना कप्तानाच्या दिशेने थोडे वाकले आणि कापऱ्या आवाजात म्हणाले, "उजव्याला काय नाय रे. उजवा मी शिकवलाय."